मुरुम मोडच्या पुढे

सोलापूरपर्यंत आमच्या गाडीला रस्ता कळतो. नळदुर्गपर्यंतही बऱ्यापैकी कळतो. पुढे उमरग्याच्या अलीकडे महामार्ग सोडून मुरुम मोडला वळलं, की तिला काही कळेनासं होतं. तिथून मुरुम गाठायचं ते आपल्या डोळ्यांनी आणि आपल्या पायाखालच्या ब्रेकनं.

मुरुम हे माझं सासर, म्हणजे सासऱ्यांचं मूळ गाव. धाराशिव जिल्हा, उमरगा तालुका. नगरपरिषद आहे, साखर कारखाना आहे, कॉलेज आहे. आळंदच्या बाजूला कर्नाटकाची हद्द इतकी जवळ, की बाजारात भाव ठरताना मराठी, कानडी आणि दखनी एकाच वाक्यात नांदतात. मामंजी नोकरीच्या निमित्तानं पुण्याला आले आणि तिथलेच झाले. पण वेळा अमावस्येला शेतात जाऊन आल्याशिवाय त्यांचं वर्ष पुरं होत नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येचा हा सण लातूर-धाराशिवकडचा आणि सोलापूरच्या त्याला लागून असलेल्या भागातला. तिकडे त्याला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात चिटपाखरू सापडत नाही, सगळं गाव रानात असतं. पुण्यातल्या शेजाऱ्यांना हे दरवर्षी नव्यानं समजावून सांगावं लागतं. नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून मामंजींना घेऊन मीच निघाले.

गाडी तशी नवीच. पेट्रोलवरची, मधल्या किमतीची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते थोड्याफार फरकानं आजच्या कुठल्याही गाडीला लागू पडेल. २०२१ पासून आपल्याकडे मधल्या किमतीच्या गाड्यांतही ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा येऊ लागली. शोरूममध्ये तिला ‘ॲडास’ म्हणतात. हा शब्द उच्चारताना सेल्समनचा आवाज जरा खाली येतो आणि किंमत वर जाते. प्रत्यक्षात असतं काय, तर समोरच्या काचेमागे आरशापाशी एक कॅमेरा, पुढच्या जाळीत किंवा बंपरात ७७ गिगाहर्ट्झवर चालणारा रडार, बंपरभर बसवलेले छोटे गोल अल्ट्रासोनिक सेन्सर आणि चारही चाकांपाशी वेग मोजणारा एकेक सेन्सर. कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे वाचतो. रडार पुढच्या गाडीचं अंतर आणि वेग मोजतो. आणि आपण स्वतः नक्की किती वेगानं चाललोय हे चाकांचे सेन्सर बाकी सगळ्यांना कळवत राहतात. या शेवटच्यांची जाहिरात कोणी करत नाही. ते एबीएसच्या बरोबर आले, जुने झाले, आणि सगळा डोलारा मात्र त्यांच्याच खांद्यावर उभा आहे.

पुणे ते सोलापूर अडीचशे किलोमीटर. हडपसर सुटलं, पाटसचा टोल मागे पडला, भिगवणच्या पुढे डाव्या हाताला उजनीचं पाणी दिसायला लागलं, की क्रूझ कंट्रोल लावावा. पुढची गाडी मंदावली की आपली मंदावते, ती सुटली की आपली सुटते. उजव्या पायाला एवढी विश्रांती मिळते की सोलापुरात उतरताना गुडघा कुरकुरत नाही. इंदापूर ते टेंभुर्णी या टप्प्यात तर मला या यंत्रणेबद्दल खरंच आदर वाटतो. पट्टे ठसठशीत, वळणं मोठाली, सकाळी रहदारी कमी. स्टिअरिंग हातात हलकेच दुरुस्त होत राहतं. हात काढून घेतले तर मात्र गाडी लगेच हटकते, ‘स्टिअरिंग धरा’ म्हणून. मामंजींना हे फार आवडलं. “म्हणजे हिला सगळं येतं, फक्त जबाबदारी नको,” ते म्हणाले. आयुष्यभर सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटला असावा.

टुंग-टुंग मात्र त्यांना सहन होत नव्हतं. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी महामार्गावर कारला ताशी १०० किलोमीटरपर्यंत परवानगी. आणि १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीत ८० ओलांडले की टोकणारी घंटी सक्तीची. १२० ला ती थांबतच नाही. म्हणजे ८० ते १०० या पूर्ण कायदेशीर पट्ट्यात गाडी थोड्याथोड्या वेळानं कण्हत राहते. “काय पाहिजे तिला?” मामंजींनी विचारलं. काही नको, नुसतं सांगतेय, म्हटलं. मग ती कण्हली की तेच मला सांगायला लागले, “सांगतेय बरं का.”

या रस्त्यावर क्रूझची खरी परीक्षा घेतात ते ट्रक. लादलेला ट्रक आपल्याकडे उजव्या लेननं चालतो, हे गाडी बनवणाऱ्यांना माहीत असेल, पण गाडीला माहीत नाही. पुढे पन्नासनं रेंगाळणारा कंटेनर आला की माझी गाडी निमूट पन्नासवर येते आणि त्याच्या मागे चालत राहते. डाव्या बाजूनं सगळं जग पुढे जातं. अंतराची सेटिंग सगळ्यात कमी ठेवली तरी मध्ये एक टेम्पो मावेल एवढी जागा उरते, आणि मावतोय म्हटल्यावर तो येतोच. तो आला की माझी गाडी आणखी मागे सरते. हॉटेलांसमोर डिव्हायडर फोडून केलेल्या वाटांमधून उलट्या दिशेनं येणारी मोटरसायकल ही आणखी वेगळी गोष्ट. तिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन असतात, अंगावर शाल असते, आणि चेहऱ्यावर आपणच चुकीच्या बाजूनं येतोय असा भाव.

लेन धरून ठेवणाऱ्या मदतीनं मात्र माझी एक सवय सुधारली. सिग्नल न देता पट्टा ओलांडायला गेलं की स्टिअरिंग हलकेच उलटी ओढ घेतं. रिकाम्या रस्त्यावरही सिग्नल द्यायची सवय मला त्यामुळेच लागली. पण पुढे अचानक खड्डा दिसला आणि तो चुकवायला झटक्यात बाजूला घ्यायची असली, तर हीच ओढ आडवी येते. जोर लावला की ती सुटते, हे खरं. तो जोर लावायचा हे आधी माहीत हवं.

मोहोळच्या आसपास मागे एकदा डंपरमधून उडालेला खडा समोरच्या काचेवर बसला होता. आधी तांदळाएवढा ठिपका, दुसऱ्या दिवशी उन्हात त्याची वीतभर चीर. पूर्वी काच फुटली की काच बदलायची, संपलं. आता काचेमागे कॅमेरा. काच नवी बसली की कॅमेऱ्याला त्याची जागा पुन्हा शिकवावी लागते, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. सपाट फरशी हवी, चाकांत नेमकी हवा हवी, गाडीपुढे ठरलेल्या अंतरावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा बोर्ड उभा करायचा आणि संगणक जोडायचा. कॅमेऱ्याचा कोन किंचित चुकला तरी शंभर मीटरवरचा पट्टा त्याला भलतीकडे दिसेल, म्हणून हा सगळा खटाटोप, आणि तो योग्यच आहे. काच विम्यात झाली, पण ज्या वर्कशॉपमध्ये बसवली तिथे तो बोर्डच नव्हता. बोर्ड दुसऱ्या सेंटरवरून यायचा होता. तोवर गाडी रोज सकाळी सांगायची, कॅमेरा उपलब्ध नाही. काही गाड्यांत हे शिक्षण चालत्या गाडीत होतं. दोन्ही बाजूंना स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगानं काही अंतर चालवायचं. असा रस्ता पुण्यात कुठे आहे, हे मी तिथल्या सुपरवायझरला विचारलं. तो हसला, बोलला काही नाही.

सोलापूरनंतर रस्ता तोच, राष्ट्रीय महामार्ग ६५. जुन्या माणसांच्या तोंडी अजून तो नऊ नंबरच आहे. चौपदरी झाल्यापासून प्रवास खूप सुखाचा झाला. बोरामणी, इटकळ, फुलवाडीचा टोल, अणदूर, नळदुर्ग. फास्टॅग २०२१ च्या फेब्रुवारीत सक्तीचा झाल्यापासून टोलनाक्यावर मामंजींना सुट्या पैशांची पिशवी काढावी लागत नाही, तरी ते काढतातच. नळदुर्गला चहा घेतला. बोरी नदीवरचा पाणीमहाल आदिलशाहीतला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला. बंधाऱ्याच्या पोटात खोल्या, आणि पावसाळ्यात वरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. डिसेंबरात ते कोरडे असतात. चारशे वर्षं पाणी अंगावर घेऊन ते दगड जागचे हललेले नाहीत, आणि माझ्या गाडीच्या बंपरची प्लॅस्टिकची क्लिप एका स्पीडब्रेकरनं तुटते, असं मनात आलं. ही तुलना अन्यायाची आहे. तो बंधारा चालवत मुरुमला न्यायचा नव्हता.

जळकोट, येणेगूर करत मोडला वळेपर्यंत दिवस मावळत आला होता. इथून खरा विषय सुरू होतो.

रस्ता अरुंद. मध्ये पट्टा कुठे आहे, कुठे पुसलाय, कडेला नाहीच. डांबर संपतं तिथे काळ्या मातीची उतरण. लेन धरायची मदत आपणहून मान टाकते, पडद्यावरचे हिरवे पट्टे करडे होतात. हे चांगलंच. जी मदत आपल्याला जमत नाही असं सांगून बाजूला होते तिच्यापासून धोका नसतो. धोका अर्धवट जमणाऱ्या मदतीचा. कारखान्यांचं गाळप सुरू होतं आणि रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही शिगोशीग, उसाचे शेंडे दोन्ही अंगांना हात-हातभर बाहेर आलेले, टेपवर गाणी एवढी मोठ्यानं की मागचा हॉर्न पुढे पोचणं शक्य नाही. एका वळणावर समोरून अशीच जोडी आली. तिची वाट तिला, माझी मला, दोघांना पुरेशी जागा होती. पण वळणात रडारनं नाकासमोर पाहिलं तर त्याला ऊसच दिसला. पडदा लाल झाला, किंचाळी उठली आणि गाडीनं आपणहून जोरात ब्रेक मारला. मामंजींचा चष्मा मांडीवर पडला. मागे चिकटून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं कशीबशी बाजू काढली आणि जाताजाता जे बोलला ते पूर्ण कानडीत होतं, तरी समजलं.

याच रस्त्यावर याच्या उलटही घडू शकतं, आणि ते जास्त भयंकर. ट्रॉलीचं टायर बसलं की ती जागच्या जागी उभी राहते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असलाच तर उसाच्या पाल्याआड. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा मुख्यतः कार, ट्रक, माणूस, सायकल अशा ठरावीक आकारांवर शिकवलेली असते. उभ्या असलेल्या, वेड्यावाकड्या आकाराच्या, मातीनं माखलेल्या वस्तू आणि जनावरं ओळखू येतीलच असं नाही, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या जाड पुस्तकात कंपन्या स्वतःच लिहून ठेवतात. ते पुस्तक बहुतेकांच्या गाडीत प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर आलेलं नसतं. ट्रॉली दुरुस्त होऊन निघून जाते, पण चाकांना लावलेले धोंडे आणि इशाऱ्याला मोडून ठेवलेल्या बाभळीच्या फांद्या रस्त्यावर तशाच राहतात. रडारला धोंडा दिसत नाही. मी वेग चाळीसवर आणला, लेनची मदत पूर्ण बंद केली आणि आपोआप ब्रेकची संवेदनशीलता सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवली. बंद मात्र केली नाही. दहा वेळा उगाच घाबरवणारी यंत्रणा अकराव्या वेळी कामाची निघाली तर ती असलेली बरी, असं माझं मत आहे. मामंजींचं तसं नाही.

दुसऱ्या दिवशी येळवस. शेत गावापासून दूर, वाट बैलगाडीची. भावजी मोटरसायकलवर पुढे आणि मागे आम्ही, डिकीत भज्जीचं पातेलं, आंबिलीची केळी, बाजरीचे उंडे, खीर, कोंदीच्या पोळ्या. केळी म्हणजे मातीचं मडकं, नवी सून होते तेव्हा मला हे कोणाला तरी सांगावं लागलं होतं. दोन्ही बाजूंनी तूर गाडीच्या खिडकीला लागत होती, तेव्हा बारा सेन्सर एका सुरात ओरडत होते. वरून दिसणाऱ्या कॅमेऱ्यात गाडी लाल पट्ट्यांनी पूर्ण वेढलेली. चुलत सासूबाईंनी मागून विचारलं, “बाई, आग लागली का?” आवाज बंद करायचं बटण पडद्याच्या तिसऱ्या पानात आहे. चालत्या गाडीत तिथवर पोचू नये म्हणून ते पान गाडी चालू असताना उघडतच नाही. याला सुरक्षितता म्हणतात.

शेतात कडब्याची कोप, तिच्यात चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली, आंबील सगळ्या शिवारात शिंपडली, मग पंगत. भज्जी हा पदार्थ पुण्यात कोणी नीट करू शकत नाही, कारण त्याला त्या दिवसांतल्या ओल्या शेंगांचे दाणे, हिरवी चिंच, ताक, डाळीचं पीठ आणि पन्नास माणसांची भूक लागते. मामंजी बांधावर बसून ओळखीच्या माणसांशी तुरीचा भाव, उसाची तोड, कोणाचं दुखणं अशा गप्पांत रंगले. मी हुरडा खाल्ला आणि सावलीत झोपले. परतताना भावजींच्या सांगण्यावरून वेगळ्या वाटेनं निघालो. डांबरी रस्त्याला लागायच्या आधी कोणीतरी कापलेली तूर वाटेवरच पसरून ठेवली होती, आयती मळणी व्हावी म्हणून. गाड्या जात होत्या, आम्हीही त्यावरून गेलो. खाली करकर करकर वाजत राहिलं.

गावात शिरलो आणि डॅशबोर्डवर एकेक दिवा लागायला सुरुवात झाली. आधी एबीएस. मग घसरती गाडी सावरणारा ईएसपी. मग चढावर गाडी धरून ठेवणारी मदत बंद. मग क्रूझ उपलब्ध नाही. मग आपोआप ब्रेक उपलब्ध नाही. शेवटी टायरमधल्या हवेचा दिवा. मामंजी म्हणाले, “एवढं सगळं एकदम बिघडलं?” पुण्याला फोन लावला. सर्व्हिस ॲडव्हायझरनं लक्षणं ऐकली आणि गाडी न बघताच सांगितलं, की बहुतेक चाकाची हब असेंब्ली बदलावी लागेल, सेन्सर सुटा मिळत नाही, पार्ट मागवावा लागेल, आणि गाडी टो करून आणलेली चांगली. मुरुमहून पुण्याला टो करून. त्यानं सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही.

भावजींनी गाडी एका मिस्त्रीकडे नेली. पत्र्याची शेड, बाहेर दोन ट्रॅक्टर उघडे पडलेले, एका पिकअपचं इंजिन खाली उतरवलेलं. मिस्त्री पंचविशीतला. त्यानं फोन काढला, डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये काडेपेटीएवढं यंत्र लावलं आणि फोनवर बघत बसला. इंजिनाचं सगळं वाचता आलं, तिथे काही दोष नव्हता. एबीएसचं पान उघडेना. “ह्याच्या पुढं कंपनी कुलूप लावती, ताई,” तो म्हणाला. तसं ते असतं. इंजिन आणि धुराविषयीचे कोड वाचायची पद्धत सगळ्या गाड्यांना समान ठेवलेली आहे, ब्रेक आणि बाकी यंत्रणांचे कोड मात्र ज्या त्या कंपनीच्या भाषेत असतात, आणि ती भाषा वाचणारा स्कॅनर महाग.

मग त्यानं यंत्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, “कुठून आलाव?”

शेतातून, म्हटलं.

“तुरीवरून आलाव का?”

हो.

तो हसला, एक पोतं अंथरलं आणि पाठीवर सरकत मागच्या डाव्या चाकाआड गेला. मोबाइलचा टॉर्च माझ्या हातात. मी वाकून बघत होते. चाकाच्या आत, ब्रेकच्या पत्र्यामागे, बोटाएवढ्या जाड दोन तुराट्या आडव्या घुसून बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं सेन्सरची काळी वायर धनुष्याच्या दोरीसारखी ताणून धरली होती. वायर जिथे प्लॅस्टिकच्या क्लिपनं जागेवर बसवलेली असते, ती क्लिप तुटलेली. पुढे जोड अर्धा निसटलेला, आणि त्याच्या दोन पिनांमध्ये काळी माती. “सेन्सर मेला न्हाई, जोड सुटलाय बगा.” त्यानं तुराट्या ओढून काढल्या, जोड पूर्ण सोडवला, कंप्रेसरच्या हवेनं माती उडवली, स्प्रे मारून जुन्या टूथब्रशनं पिना घासल्या, सुकू दिल्या आणि टक् आवाज होईपर्यंत जोड बसवला. क्लिपच्या जागी दोन केबल टाय. जास्तीचं टोक कटरनं कापलं, वायर चाकाला घासत नाही ना ते चाक हातानं फिरवून पाहिलं. मग सेन्सरचं टोक पुसताना मला बोलावून दाखवलं. त्यावर लोखंडाचा बारीक कीस मिशीसारखा चिकटला होता. आजकाल बहुतेक गाड्यांत चाकाच्या बेअरिंगलाच चुंबकाची बारीक कडी असते. तिच्या उत्तर-दक्षिण टोकांची फिरती मोजून सेन्सर वेग काढतो. चुंबक असल्यामुळे ब्रेकचा आणि रस्त्यावरचा कीस तिथे जमतो, जास्त जमला की मोजणी चुकते. म्हणजे हा सेन्सर आज ना उद्या दिवा लावणारच होता, तुरीनं फक्त तारीख अलीकडे आणली.

आता त्या सहा दिव्यांचं कोडं सुटलं. एका चाकाचा वेग कळेना म्हटल्यावर एबीएस स्वतःला बंद करून घेतो. गाडी सावरणं, चढावर धरणं ही कामं त्याच पंपानं होतात, म्हणून तीही थांबतात. आपोआप ब्रेक लावायचा तर त्याच पंपाकडून लावून घ्यायचा असतो, तोही थांबतो. आपोआप ब्रेक लागणार नसेल तर पुढच्या गाडीमागे चालणारा क्रूझ कसा चालेल? आणि माझ्या गाडीत टायरची हवा मोजायला चाकात वेगळं यंत्र नाही. हवा कमी झालेलं चाक किंचित जास्त फेरे मारतं, त्यावरून ती अंदाज करते. फेरे मोजणारा गेला, अंदाजही गेला. सहा बिघाड नव्हतेच, एकच होता. एक गोष्ट मात्र प्रत्येकानं लक्षात ठेवावी. या दिव्यांबरोबर लाल ब्रेकचा दिवा लागलेला नसेल आणि पेडल नेहमीसारखं घट्ट लागत असेल, तर साधा ब्रेक शाबूत असतो. चाकं लॉक होऊ शकतात एवढं ध्यानात ठेवून हळू चालवत गाडी जवळच्या मिस्त्रीपर्यंत नेता येते.

कारखान्याच्या रस्त्यानं एक चक्कर मारली. गाडीनं वेग घेतला आणि दिवे एकेक करून विझले. मिस्त्रीनं दोनशे रुपये घेतले, तेही मामंजींकडे बघत, अवघडून. बंपरची एक क्लिप लोंबत होती ती त्यानं न सांगता बसवली. तसल्या क्लिपा त्याच्याकडे डबाभर होत्या, कुठल्या कुठल्या गाड्यांच्या. किल्लीतला सेल उतरल्याचा इशाराही गाडी कालपासून देत होती. तो सेल, सीआर २०३२, समोरच्या घड्याळाच्या दुकानात मिळाला. रात्री भावजींनी बॉनेट उघडून तंबाखूची पुडी आत बांधली, उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून. याचा उपयोग होतो की नाही याबद्दल घरात दोन पक्ष आहेत.

पुण्यातल्या माणसाला दोष द्यावासा वाटत नाही. त्याला कंपनीनं जसं शिकवलं तसं त्यानं सांगितलं. दोष त्या व्यवस्थेत आहे, जिच्यात क्लिप आणि वायर हे पार्ट नसतातच, असेंब्ली असते. हे माझं एकटीचं गाऱ्हाणं नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता. कारण हेच, की अस्सल सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मोकळेपणानं मिळू दिली जात नाहीत. कंपन्या वरच्या दारी गेल्या. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं, मोटारी त्यातही आहेत. हे सगळं चांगलं आहे. मुरुमच्या शेडपर्यंत मात्र अजून कुलूपच पोचलंय, किल्ली नाही. त्या पोराला एबीएसचं पान वाचता आलं असतं, तर मागचं डावं चाक हे उत्तर त्याला मिनिटात मिळालं असतं. त्याला ते तुरीवरून काढावं लागलं. त्यानं काढलं हे त्याचं कौतुक, पण प्रत्येक गिऱ्हाईक तुरीवरून येत नाही.

परतताना महामार्गावरच्या पंपावर पेट्रोल भरलं. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं, आणि त्यातलं काही उसातून येतं. म्हणजे ज्या ट्रॉल्यांना मी येताना शिव्या घातल्या, त्यांचाच थोडासा अंश माझ्या टाकीत पडत होता. मामंजींना हे सांगितलं तर म्हणाले, मग हिला ऊस ओळखता यायला पाहिजे.

हल्ली माझी रीत अशी. महामार्गावर क्रूझ चालू, लेनची मदत चालू, अंतर मधलं. मोडला वळलं की लेनची मदत बंद, क्रूझ बंद, आपोआप ब्रेक खालच्या पायरीवर. निघताना समोरची काच आरशापाशी आतून-बाहेरून पुसायची, बंपरवरची माती ओल्या फडक्यानं काढायची, कारण चिखलानं झाकलेला रडार आंधळा असतो आणि हे तो नेहमीच सांगतो असं नाही. रस्त्यावर पसरलेल्या पिकावरून जाणं टाळायचं. टाळता नाही आलं, तर पुढे थांबून गाडीखाली वाकून बघायचं, कारण अडकलेला काड सायलेन्सरच्या तापलेल्या भागाला लागला तर सेन्सरवर भागत नाही, गाडी पेटते. डिकीत चार केबल टाय आणि किल्लीचा एक सेल ठेवायचा.

आणि ज्यांच्या ट्रॉल्या आहेत त्यांना एक विनंती. ट्रॉलीमागे लाल रिफ्लेक्टर लावायचा नियम आहेच, पण तो पाल्याआड जाणार नाही अशा जागी, खाली फळीवर आणि दोन्ही कडांना लावा. चिकटपट्टीचा रिफ्लेक्टर स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतो. मागून येणाऱ्या माणसाच्या डोळ्याला तो लांबून दिसतो, गाडी नवी असो की जुनी. आणि टायर बदलून झालं की रस्त्यावरचे धोंडे तेवढे बाजूला करून जा.